त्यानं विचारलं, म्हणून आवडली

बायकांनी काय वाचावं याची काळजी आपल्याकडे सगळ्यांनाच असते. सासूला असते, मास्तरांना असते, न्यायालयांना होती, आणि खरं सांगायचं तर आपल्या चळवळीलाही आहे. मला बोलायचंय ते या शेवटच्या काळजीबद्दल.

चंदगड तालुक्यातल्या बचत गटांबरोबर मी काम करते. आमच्या गटांतल्या बायका मोबाइलवर प्रेमकथांच्या मालिका वाचतात आणि त्यातल्या बऱ्याच चांगल्याच 'गरम' असतात, हे मी कोल्हापूरच्या एका बैठकीत सहज बोलता बोलता सांगितलं. एका ज्येष्ठ मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं आपण बायकांना 'नाही' म्हणायला शिकवतोय, आणि त्या वाचतायत काय, तर दंडाला धरून ओढणाऱ्या नायकाच्या गोष्टी!" दुसरी म्हणाली, निदान गटाच्या बैठकीत तरी हे चालू देऊ नकोस. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तरी मला ते पटलेलं नाही. का पटलं नाही, ते त्या बायकांचीच मतं पुढे ठेवून सांगते.

आधी हे वाचन चालतं कसं ते सांगायला हवं. चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला तिलारीचा घाट उतरला की कोकण आणि गोवा. पाऊस असा की कपडे चुलीच्या उबेवर वाळवावे लागतात. काजूच्या कारखान्यांत बायकांना मजुरी मिळते. फोडणीवर बसणाऱ्यांचे हात टरफलातल्या तेलानं काळे पडतात, कातडी सोलवटते. त्या हातांनी फोनच्या काचेला शिवायला नको वाटतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत सोलणीवरची एखादी बारावी झालेली मुलगी वाचून दाखवते आणि बाकीच्या ऐकतात. म्हणजे एकटीनं पांघरुणात वाचायची चीज इथं दहाजणींत वाचली जाते. वाचणारी मधेच थांबते, "फुडचं मी न्हाई वाचत," म्हणते. मग पन्नाशीच्या मावशी ओरडतात, "वाच गं! आमची पोरं काय देवानं पाटीत घालून धाडली व्हय?"

मी ज्या कादंबरीबद्दल त्यांच्याशी नीट बोलले तिचं नाव मुद्दाम देत नाही. ती लिहिणारी आपल्यासारखीच कुणी संसारी बाई असावी, आणि ती टोपणनावानं लिहिते. गोष्ट साधी आहे. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी, नवऱ्यानं टाकलेली एक बाई. बदलीवर आलेला एक इंजिनिअर. पाऊस, गेलेली वीज, मेणबत्ती. अर्ध्या कादंबरीपर्यंत काही घडत नाही आणि पुढे जे घडतं ते लेखिकेनं तपशिलात, चवीनं लिहिलंय. भाषा कधी कधी भडक होते, उपमा सिनेमातल्या आहेत. साहित्य म्हणून मी तिची शिफारस करणार नाही. पण मी ती एका रात्रीत संपवली, हेही लिहून ठेवते.

नंतर गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाल्यावर मी विचारलं, काय आवडलं? मला वाटलं होतं लाजतील. पहिलं उत्तर आलं ते सर्वांत वयस्क मावशींचं. "तो इचारतोय." कोण? "त्यो इंजिनिअर. उंबऱ्यावर उभा ऱ्हातोय आन् म्हणतोय, येऊ का आत? ती काय बोलत न्हाई तर तसाच माघारी जातोय. दुसऱ्यांदा येतोय, परत इचारतोय." बाकीच्या माना डोलवत होत्या. ज्या प्रकरणाला वाचणारी मुलगी थांबली होती, ते प्रकरण कुणाच्या तोंडी आलंच नाही. आला तो उंबरा.

मग हळूहळू बाकीची मतं आली. एक तरुण सून म्हणाली, हे सगळं खोटं आहे. यांना दार लावायला खोली कुठून मिळाली? आमच्याकडे मधल्या खोलीत सासरे झोपतात, पडद्यापलीकडे पोरं. दुसरी म्हणाली, आणि ती बाई दिवसभर दुकानात उभी राहून रात्री इतकी ताजी कशी? भांडी कोण घासतं तिची? हशा झाला, पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सुखाला जागा लागते, वेळ लागतो, पाठ दुखत नसावी लागते. हे आमच्या बायकांना कोणत्याही व्याख्यात्यापेक्षा जास्त कळतं. शेवटाबद्दल मात्र जवळपास सगळ्यांचं एकमत होतं: शेवट बिघडला. शेवटी त्यांचं लग्न होतं आणि ती दुकान बंद करून त्याच्याबरोबर पुण्याला जाते. "दुकान का बंद केलं?" हे चौघींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. "उद्या यानं बी टाकली तर?"

आता मला सांगा, या वाचक भोळ्या आहेत का?

एक मत वेगळं होतं, आणि ते मी मुद्दाम सविस्तर देतेय. तिशीतली एक बाई सुरुवातीपासून भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "ताई, असलं काही वाचू नये. मन नासतं." मी कारण विचारलं. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, नवरा फोनवर व्हिडिओ बघतो आणि तसंच कर म्हणतो. नाही म्हटलं तर... पुढचं तिनं हातानं दाखवलं. तिच्या लेखी 'गरम' ही गोष्टच नवऱ्याच्या हातातली काठी आहे. कुणाच्या फोनवर काय आहे, हा तिला चर्चेचा विषय वाटतच नाही. तिला मी काही समजावायला गेले नाही. फक्त एवढं लक्षात आलं की आपण 'अश्लील' या एका पिशवीत किती वेगवेगळ्या वस्तू कोंबतो. पुरुषानं पुरुषासाठी काढलेला, बाईला वस्तू करणारा व्हिडिओ आणि बाईनं बाईसाठी लिहिलेली, पुरुषाला उंबऱ्यावर थांबवणारी गोष्ट यांना एकच शब्द लावून आपण सुटतो. तिच्यासारख्या बाईला त्या शब्दाचा काहीच उपयोग होत नाही.

हा शब्द न्यायालयांनीही पुष्कळ वापरून पाहिलाय. चंद्रकांत काकोडकर हे नाव आपल्या आयांच्या पिढीला ठाऊक असेल. वाचनालयांतून त्यांच्या कादंबऱ्यांवर उड्या पडायच्या, 'दो रास्ते' हा १९६९ चा हिंदी सिनेमा त्यांच्याच 'नीलांबरी'वरून निघाला. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' छापून आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. खालच्या न्यायालयानं सोडलं, मुंबई उच्च न्यायालयानं दोषी धरून २५ रुपये दंड केला, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष ठरवलं. लेखन फार उच्च दर्जाचं नसेल, पण म्हणून ते अश्लील होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. शिवाय लैंगिक उल्लेख आला की पुस्तक वाईट असं ठरवायचं, तर तरुण मुलांना धार्मिक ग्रंथांखेरीज वाचायला काही उरणार नाही, असंही म्हटलं. निकाल चांगलाच आहे. पण या सगळ्या वादात डोळ्यांपुढे वाचक होता तो कोण? अडनिड्या वयाचं बिघडू शकणारं पोर. घरातली कामं आटोपून दुपारी वाचनालयातलं पुस्तक उघडणारी बाई त्या चित्रात नव्हती. तिला त्या पुस्तकात काय सापडत होतं, हे विचारावं असं कुणाला सुचलं नाही.

त्याआधीची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं, पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर'. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींनाही देह असतो. नवऱ्यानं सोडलेल्या बाईला दुसऱ्या पुरुषाची ओढ वाटू शकते, त्याच्यापासून मूल हवंसं वाटू शकतं, एवढंच विभावरी शिरूरकरांनी लिहिलं होतं. त्यावरून केवढा गदारोळ झाला! ही विभावरी कोण, खरोखर बाई आहे की बाईच्या नावाआड पुरुष, याचाच शोध सुरू झाला. मालतीबाई बेडेकर, तेव्हाच्या बाळूताई खरे, हे नाव पुष्कळ काळ झाकलेलं राहिलं. आज नव्वद वर्षांनी आमची झेरॉक्सवाल्या बाईची लेखिकाही टोपणनाव घेऊनच लिहिते. विभावरींच्या लेखनाशी तिची बरोबरी मी करत नाहीये, टोपणनावाची गरज तेवढी सारखी आहे.

त्याच काळात र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरून खटला झाला आणि त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. आंबेडकरांनी हे वकीलपत्र का घेतलं असेल, याचा आपण चळवळीतल्या बायकांनी अधूनमधून विचार करावा असं मला वाटतं. माणसानं प्रश्न विचारणं हीच विकृती, असं मानणाऱ्यांच्या समोर ते उभे होते.

मग आपलं काय? आपणही बाईच्या देहाबद्दल भरपूर बोलतो. मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा 'लैंगिकता' हा शब्द मला भेटला तो एचआयव्हीच्या शेजारी. आमच्या शिबिरांत देह येतो तो मारहाणीत, पाळीत, अंगावरून जाण्यात, ऑपरेशनमध्ये, गर्भाशयाच्या पिशवीत. सगळं खरं आणि सगळं गरजेचं. पण वीस-बावीस वर्षांची असताना ऑपरेशन झालेली बाई पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या देहात राहते, तिला त्यातून सुख म्हणून काही हवं असेल का, हा प्रश्न आपल्या कोणत्याच फॉर्मवर नाही. आणि भाषा? एका बाजूला 'समागम', 'शरीरसंबंध' असे सरकारी शब्द, दुसऱ्या बाजूला शिव्या. मधे मोकळं माळरान. आमच्या बायका 'ते' म्हणतात. "ते झालं की झोपतात." "ते नको असतं तेव्हा." या 'ते'चं काय करायचं, हे मला कोणत्याही प्रशिक्षणानं शिकवलं नाही.

मी प्रयत्न केला होता. दोन वर्षांपूर्वी गौरी देशपांडे घेऊन गेले होते. 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' हे माझं आवडतं पुस्तक. बाईच्या इच्छेबद्दल मराठीत इतकं निर्भयपणे फार थोड्यांनी लिहिलंय. चार पानं वाचल्यावर मावशींनी विचारलं, "ही जपानात काय करती? जपानला जायला सासूनं सोडलं?" पुस्तक माझ्या पिशवीत परत आलं. याउलट माधवी देसाईंचं 'नाच गं घुमा' दोघी-तिघींनी मागून नेलं. कोवाड आमच्याच तालुक्यातलं, रणजित देसाईंमुळे महाराष्ट्राला माहीत झालेलं. त्या गावातल्या घरात एक बाई काय जगली हे त्या बाईनं स्वतः सांगितलंय, म्हणून ते पुस्तक 'आपलं' वाटलं. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचंही तसंच. पायाखालची वाट ओळखीची असली की बाई पुढे चालते.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला बसले ती सांगते. त्या चर्चेनंतर पंधरा दिवसांनी एक बाई रस्त्यात भेटली. गटात कधी तोंड न उघडणारी. नवरा मारत नाही, पीत नाही, पगार घरात देतो, म्हणून आमच्या कुठल्याच यादीत तिचं नाव नव्हतं. एसटीची वाट बघत उभ्या असताना ती म्हणाली, "ताई, त्या इंजिनिअरासारखं आमच्यात इचारत न्हाईत." एवढंच. आणि मग, गाडी येईपर्यंतच्या वेळात, सतरा वर्षांचं सगळं सांगितलं. आजारी असतानाचं, बाळंतपणानंतर महिन्याभरातलं, रडत असतानाचं. 'लैंगिक हिंसा' हे आमचं पोस्टर तिनं कितीतरी वेळा पाहिलं होतं. त्यात तिला स्वतःचा संसार दिसला नव्हता. तो तिला दिसला एका चावट कादंबरीतल्या उंबऱ्यावर, कारण तिथे पहिल्यांदा तिला कळलं की विचारता येतं.

कायदा तिच्यासाठी काय करतो? १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही, हा अपवाद नव्या संहितेच्या कलम ६३ मध्येही आहे. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या अपवादाबद्दल दोन न्यायमूर्तींची मतं दोन दिशांना गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा उल्लेख आहे, त्याखाली संरक्षणाचा आदेश मागता येतो. हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिला तक्रार करायची नव्हती, तिला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं की हे असं असू नये. पुढे काय करायचं ते ती ठरवेल, मी घाई करणार नाही. पण ज्या दारानं हे बाहेर आलं ते दार बंद करा, असं कुणी मला सांगितलं तर मी ऐकणार नाही.

याचा अर्थ या कादंबऱ्यांना मी हार घालते असा नाही. उंबऱ्यावर थांबणारा नायक दहांत एखादाच. बाकीच्यांत तो मालक असतो, गोरा असतो, उद्धट असतो. करार करून लग्न करतो, थोबाडीत मारतो आणि मग कवटाळतो. आमच्या कॉलेजला जाणाऱ्या तिघी मुलींना तसलाच जास्त आवडतो. "तो इतरांना कडक, फक्त तिच्यासाठी मऊ" हे त्यांचं कारण. त्यावर मावशी म्हणाल्या, "आमचा बी लग्नाआधी कडकच हुता. मऊ व्हायची वाट बघतीया." मी दोन तास बोलून जे साधलं नसतं ते या एका वाक्यानं झालं. शिवाय या गोष्टींत कुणाची जात कळत नाही, म्हणजे बरोबर कळते. आडनावं ठरावीक असतात, दलित नायिका मला एकाही गोष्टीत सापडली नाही. निरोध नाही, दिवस जायची धास्ती नाही. कर्ज नाही. यावर बोलायलाच हवं. पण हे बोलणं जिनं वाचलंय तिच्याशीच करता येतं. वाचू नका म्हटलं की बायका वाचायच्या थांबत नाहीत, आपल्याला सांगायच्या थांबतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या शिबिरांत 'आरोग्य' आणि 'कायदा' यांच्याबरोबर एक तास वाचनाला द्यावा, आणि तिथे बायका जे खरंच वाचतात ते यावं. आपल्याला बरं वाटेल ते नव्हे. कार्यकर्तीनं आधी ऐकावं, निवाडा खिशात ठेवावा. जिला ऐकायचं नसेल तिला उठून जाता आलं पाहिजे. आमची ती भिंतीकडे तोंड करून बसलेली मैत्रीण त्या तासाला आता बाहेर ओसरीवर हप्त्याची वही लिहीत बसते, आणि ते तिनंच ठरवलंय. ज्या गटांनी असं काही केलंय त्यांनी जरूर लिहावं, कुठल्या गोष्टी चालल्या आणि कुठं गाडी अडली तेही.

आमच्याकडे सध्या शेवट बदलायचं काम चालू आहे. वाचून दाखवणाऱ्या मुलीनं वहीत नवा शेवट लिहायला घेतलाय, बाकीच्या सांगतात आणि ती लिहिते. दुकान बंद होत नाही. इंजिनिअरची बदली होते, तो दर शनिवारी एसटीनं येतो. दाराला आतून कडी आहे आणि ती कधी काढायची ते तिच्या हातात आहे. लग्न करायचं की नाही यावर दोन तट पडलेत आणि गेल्या बैठकीत वेळ संपली.